शुक्रवारचा शब्द

आदरणीय शैलजा रत्नपारखी बाईंची आणि माझी पहिली भेट दिघीला, तापकीर काकांच्या इमारतीतल्या वरच्या हॉलच्या दारात झाली. मी तक्रार करायला गेलो होतो. माझी मुलगी ईश्वरी तेव्हा पाचवीत होती. तिला इंग्रजीचे पुस्तक धड वाचता येत नव्हते, आणि शेजारच्यांच्या सांगण्यावरून बाईंच्या विनामूल्य वर्गात घातल्यापासून ती घरी ग्रीक आणि लॅटिन शब्द सांगत होती. जेवताना एकदा तिने पाण्याचा तांब्या उचलून "हायड्रो" म्हटले, तेव्हा पत्नी हसली. मला हसू आले नाही. चाकणला एका कंपनीत मी तपासणी विभागात आहे. सुटा भाग पुढे जाण्याआधी त्यात काय चुकले असेल ते पाहायचे, हे माझे काम. घरीही तोच स्वभाव.

मी बाईंना म्हणालो, "परीक्षेत हे येत नाही."

बाई म्हणाल्या, "येत नाही. तुम्ही आज बसा, बघा आणि मग काढून न्या मुलीला. मी अडवणार नाही."

मी बसलो. मुलीला काढून नेले नाही.

आज बाईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात पालकांच्या बाजूने कोणीतरी लिहावे, म्हणून संपादक मंडळाने मला सांगितले. एक गोष्ट आधीच लिहितो. सत्कारानंतर थोड्याच दिवसांत बाईंच्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. ही गोष्ट छापू का, असे मी बाईंना विचारले. "छापा. लपवून काय करायचं?" असे त्या म्हणाल्या. त्यामुळे हा लेख मी निश्चिंत मनाने लिहीत नाही, हे वाचकांनी समजून घ्यावे.

बाई मूळच्या राजगुरुनगरच्या. त्यांचे वडील तिथे एका दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधांच्या बरण्यांवरची लांबलचक नावे लहानपणी वाचता वाचता बाईंच्या लक्षात आले की तेच तुकडे पुन्हा पुन्हा येतात. पुढे भोसरीच्या एका शाळेत त्यांनी निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवले. आपल्या भागातली मुले सहावीपासून विज्ञान आणि गणित इंग्रजीत शिकतात, घरी मराठी बोलतात, आणि प्रत्येक शब्द स्पेलिंगसकट घोकतात. बाईंना हे घोकणे बघवत नसे. "जल म्हणजे पाणी हे एकदा कळल्यावर जलचर, जलाशय आणि जलवाहतूक वेगवेगळे पाठ करता का? मग इंग्रजीनेच काय घोडं मारलंय?" असे त्या मुलांना विचारत. निवृत्तीनंतर तापकीर काकांनी हॉल मोफत दिला आणि बाईंनी पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी वर्ग सुरू केला.

आपल्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. बाहेरच्या लोकांना याचे नवल वाटते, पण इथल्या घराघरांत वडील आणि आता आयाही गुरुवारीच सापडतात. बाईंनी या सुट्टीचा उपयोग करून घेतला. गुरुवारी प्रत्येक मुलाने घरातल्या मोठ्या माणसाकडून कामावरचा एक इंग्रजी शब्द मागून घ्यायचा आणि शुक्रवारी तो वर्गात आणायचा. मग तो शब्द सगळ्यांनी मिळून खोलायचा. 'खोलायचा' हा शब्द मुलांचाच. वडील मशीन खोलतात, तसा मुलगा शब्द खोलतो. तुकडे वेगळे करायचे, प्रत्येकाचा अर्थ लावायचा आणि पुन्हा जोडायचे. हॉलमध्ये कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली होती. खोललेला शब्द पुठ्ठ्यावर लिहून चिमट्याने तिच्यावर लटकवला जाई.

मी बसलो त्या पहिल्या दिवशी एका मुलाने 'न्यूमॅटिक' आणला होता. त्याचे वडील हवेच्या दाबावर चालणाऱ्या मशीनवर होते. मुळात वारा, श्वास, असे बाईंनी सांगितले. तेवढ्यात मागून एक मुलगी ओरडली, "बाई, माझ्या आजीला न्यूमोनिया झालेला! म्हणजे तिच्या छातीत कॉम्प्रेसर?"

सगळे हसले. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "न्यूमोनियातला तुकडा फुफ्फुसाचा आहे. दोन्ही शब्द एकाच भावकीतले, पण सख्खे नाहीत, चुलत. अर्धा कळलेला शब्द पूर्ण कळला म्हणून सांगत फिरायचं नाही."

तापकीर काका खुर्ची टाकून मागे बसलेले असत. हॉल त्यांचा, त्यामुळे त्यांना कोणी उठवत नसे. त्यांचे घराणे दिघीतले जुने. ते म्हणाले, "बाई, ह्ये ग्रीक-बिक शिकून पोरं काय तिकडं जानार हायेत व्हय?"

"तिकडं नको काका, चाकणलाच जाऊ द्या. तिथल्या एकेका मशीनवर ग्रीस आणि रोम लिहिलेलं आहे."

"ग्रीस तर आसनारच की मशीनला," काका म्हणाले, आणि वर्ग पुन्हा हसण्यात बुडाला.

बाईंची शिस्त दिसायला सैल होती, पण दोन बाबतींत त्या कडक होत्या. शब्दाचा अर्थ माहीत नसेल तर त्या सर्वांसमोर "मला माहीत नाही, बघून सांगते" म्हणत, आणि पुढच्या वर्गात आठवणीने सांगत. दुसरे म्हणजे मुलाने आणलेला शब्द त्या कधी परत पाठवत नसत. एका मुलीच्या वडिलांची नोकरी सुटली तेव्हा शुक्रवारी तिच्याकडे शब्द नव्हता. कोणीतरी कुजबुजले, "हिच्या पप्पांना कंपनीच नाही आता." बाईंनी ते ऐकले. तिला विचारले, "घरी स्वयंपाक कोण करतं?" "मम्मी." "गॅस कशावर चालतो?" मुलगी म्हणाली, "सिलिंडरवर. आणि रेग्युलेटर." त्या दिवशी तिचे दोन शब्द दोरीवर लागले, बाकीच्यांचा एकेकच. बाईंचा चांगुलपणा असा असे. तो ज्याच्यासाठी असे त्यालाच कळे.

ईश्वरीने माझ्या कामावरचा 'इन्स्पेक्शन' नेला होता. घरी येऊन म्हणाली, "पप्पा, तुम्ही आत बघता. तुमचं काम म्हणजे आत बघणं." इतकी वर्षे ते काम करून मला हे कोणी सांगितले नव्हते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायचे कबूल केले, ती सांगतो.

ईश्वरी सहावीत असताना माझी पत्नी वैशाली हिच्या पोटात दुखू लागले. तपासण्या झाल्या. रिपोर्ट आला तेव्हा कॅन्सर यकृतापर्यंत पसरलेला होता. आम्ही दोघांनी ठरवले की मुलीला एवढ्यात काही सांगायचे नाही. आमच्यासारख्या घरांत मोठ्यांना मुलांपासून काही लपवायचे असले की ते मध्ये मध्ये इंग्रजी बोलतात. आम्हीही तेच केले. रिपोर्ट इंग्रजीतच होता, म्हणून तो कपाटात ठेवायचेही आम्हाला सुचले नाही. फाइल फ्रिजवर ठेवली होती. त्या भाषेच्या मागे आम्हाला सुरक्षित वाटत होते. मुलगी आठवड्यातून दोन संध्याकाळी काय शिकून येते हे मला चांगले माहीत होते, तरीही माझ्या डोक्यात ते आले नाही.

त्या गुरुवारी आम्ही दोघे दवाखान्याच्या चकरांत होतो. ईश्वरीला शब्द द्यायला कोणी घरी नव्हते. तिने फ्रिजवरची फाइल काढली आणि त्यातले सर्वांत मोठे दोन शब्द लिहून घेतले.

शुक्रवारी वर्गात काय झाले ते मला तापकीर काकांनी नंतर सांगितले. ईश्वरी सगळ्यांच्या आधी हात वर करून उभी राहिली. "बाई, मी आज एक अर्धा स्वतःच खोललाय! हिपॅटोमेगॅली. मेगा म्हणजे मोठं. हिपॅटो तेवढं राहिलंय. आणि दुसरा आहे मेटास्टॅटिक, तो अजून खोलला नाही."

बाईंनी विचारले, "कुठल्या कंपनीतले गं हे?"

"कंपनीतले नाहीत. मम्मीच्या फाइलमधले."

काका सांगत होते, "बाई येकदम गप झाल्या. खडू हातात तसाच. म्या इतकी वरसं बघतोय, बाई कंदी अडल्या न्हाईत. मग म्हनल्या, ह्या दोन शब्दांना मला वेळ लागंल, पुढच्या शुक्रवारी बघू. तुमची पोरगी बसली खाली. पन तिला त्ये पटलं न्हाई, राव. तिच्या तोंडावर दिसत हुतं."

दुसऱ्या दिवशी बाई आमच्या घरी आल्या. ईश्वरी शाळेत होती, मी रजा घेऊन घरी होतो. वैशालीने चहा ठेवला. बाईंनी आडवळण घेतले नाही. काय घडले ते सांगितले आणि फाइलकडे बोट दाखवले.

वैशालीने विचारले, "तिला कळलं का, बाई?"

"मोठं म्हणजे काय ते कळलंय. काय मोठं झालंय ते पुढच्या शुक्रवारी ती मला विचारेल."

मी म्हणालो, "मग तुम्ही दुसरं काहीतरी सांगा. साधं काहीतरी. तुमच्यावर तिचा विश्वास आहे."

"म्हणूनच नाही सांगणार," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी एक अर्थ खोटा सांगितला, की आजवर सांगितलेले सगळे खोटे ठरतील. आणि खरा सांगायचा तर तो हक्क माझा नाही, तुमचा आहे. मी शुक्रवारपर्यंत थांबते. पण तिने मला सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, हे तुम्हाला आधी सांगायला आले."

मला त्या क्षणी बाईंचा राग आला होता. बोलणे मला जमत नाही. वैशाली मात्र कप खाली ठेवून म्हणाली, "बाईंचं बरोबर आहे. मीच सांगते तिला. पण सांगताना मला रडू आलं तर?"

"तर रडा. तिनं तुम्हाला रडताना कधी पाहिलं नाही?"

"कांदा चिरताना पाहिलंय," वैशाली म्हणाली, आणि त्याही अवस्थेत दोघी हसल्या.

तो आठवडा मला आजही नको वाटतो. कामावर माझ्या हातून भाग पुढे जात होते आणि मी ते पुन्हा मागवून तपासत होतो. घरी ईश्वरी कोणत्याही क्षणी विचारेल असे वाटे. ती विचारत नव्हती, त्याची भीती जास्त होती. फ्रिजवरची फाइल आम्ही कपाटात ठेवली. ती जागा रिकामी झाल्याचे तिने पाहिले, हे मला दिसले.

गुरुवारी संध्याकाळी वैशाली ईश्वरीच्या केसांना तेल लावायला बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. वैशाली म्हणाली, "तू बाईंकडे दोन शब्द नेलेस ना, त्यांचा अर्थ बाई सांगणार नाहीत. मी सांगणार आहे."

तिने सांगितले. यकृत म्हणजे काय, ते का मोठे झाले, आणि आजार एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला म्हणजे काय. ईश्वरी पाठमोरी बसली होती. तिने विचारले, "तू मरणार?"

"डॉक्टर खूप करतायत. पण हो, मरू शकते."

"कधी?"

"ते माहीत नाही."

"बाईंना माहीत आहे?"

"बाईंनाही नाही. कोणालाच नाही."

मग ईश्वरी म्हणाली, "माझी वेणी कोण घालणार? पप्पांच्या हातची वेणी घालून मी शाळेत जाणार नाही."

"का गं? बघ तरी शिकून घेतात का," वैशाली म्हणाली. तेव्हा ती रडली. ईश्वरीही रडली. मी दारातून पुढे गेलो आणि त्या दोघींजवळ फरशीवर बसलो.

त्यानंतर वैशालीला जेवढा काळ मिळाला, त्यात आमच्या घरात इंग्रजी लपवण्यासाठी वापरली गेली नाही. ईश्वरी दवाखान्यात सोबत येई आणि डॉक्टरांना प्रश्न विचारी. बाई आठवड्यातून एकदा घरी येत. उपदेश करत नसत. वैशालीच्या पलंगाजवळ बसून औषधांच्या पट्ट्यांवरचे शब्द दोघी खोलत. वैशाली परभणीला मराठी शाळेत बारावीपर्यंत शिकलेली. तिला इंग्रजीची फार भीती होती, ती त्या काळात गेली. वेदनाशामक औषधाच्या 'ॲनाल्जेसिक' या शब्दाचा अर्थ 'वेदना नाही' असा निघाला, तेव्हा ती म्हणाली, "नाव छान ठेवलंय बाई. कामाचं बघा म्हणावं जरा."

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी वैशाली गेली.

गावाकडून नातेवाईक आले होते. पुढच्याच शुक्रवारी बाईंचा फोन आला. त्यांनी ईश्वरीला एवढेच विचारले, "येतेस का?" माझी मोठी बहीण म्हणाली, "अरे, दहावा व्हायचाय अजून आणि पोरगी क्लासला निघाली? लोक काय म्हणतील?" ईश्वरीने चप्पल घातली आणि गेली. मी तिला सोडायला गेलो. तिच्याकडे त्या दिवशी शब्द नव्हता. बाईंनी मागितला नाही. वर्ग संपेपर्यंत तिला दोरीवरचे जुने पुठ्ठे काढून लावून ठेवायचे काम दिले. ती शांतपणे ते करत राहिली. एखाद्या मुलाला हाताला काम हवे आहे की बोलणे हवे आहे, हे बाईंना कसे कळते ते मला माहीत नाही. मला माझ्याच मुलीचे अजून नेहमी कळत नाही. वेणी मात्र मी शिकलो.

आता ईश्वरी आठवीत आहे. दोन महिन्यांपूर्वी तिने मला घरी आल्यावर विचारले, "पप्पा, बाई जिन्यात मध्येच थांबतात आणि गुडघा दुखतो म्हणतात. गुडघा दुखला की माणूस छातीवर हात ठेवतो का?" मी म्हणालो, वय झाले आहे, असेल काहीतरी. पण मला झोप लागली नाही. पुढच्या वर्गानंतर मी बाईंना गाठले. त्यांनी तपासणी आधीच करून घेतली होती. हृदयाच्या झडपेचे तोंड अरुंद झाले आहे, ती बदलावी लागणार आहे, असे त्यांनी सांगितले. मग विचारले, "ईश्वरीला मी सांगू की तुम्ही?"

माझ्या तोंडून निघाले, "परीक्षा होऊ द्या. तिचं आत्ताच कुठं..."

बाई नुसत्या थांबल्या. मला खूप बोलायचे होते. तिने एक माणूस गमावले आहे, आता दुसऱ्याची काळजी तिच्यावर कशाला, असे सगळे मनात होते. शेवटी मी म्हणालो, "मीच सांगतो."

त्याच संध्याकाळी सांगितले. ती रडली नाही. "कोणती झडप?" असे तिने विचारले. मला ते सांगता आले नाही, म्हणून शुक्रवारी तिने सर्वांसमोर बाईंनाच विचारले. बाईंनी फळ्यावर हृदय काढले आणि आपल्याच रिपोर्टमधला 'स्टेनोसिस' हा शब्द मुलांसमोर ठेवला. अरुंद होणे. मी त्या दिवशी मागे, तापकीर काकांशेजारी बसलो होतो.

मुले कंपन्यांतल्या लोकांची. एकाने विचारले, "बाई, रिपेअर करणार की बदलणार?"

"बदलणार."

"नवीन ओरिजिनल की डुप्लिकेट?"

"कृत्रिम असते. किंवा गाईच्या हृदयाभोवतालच्या आवरणाची."

"गाईची?" वर्गात गोंधळ झाला. काका उठून उभे राहिले. "बाई, काय बी घाला, पन वॉरंटी कार्ड मागून घ्या. आजकाल कुनाचा भरवसा न्हाई."

ईश्वरीने मात्र हात वर करून विचारले, "बाई, धोका किती आहे?"

"आहे," बाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, या वयाला बऱ्यापैकी आहे. न करण्यात जास्त आहे."

कोणी रडले नाही. मग बाईंनी पुढच्या मुलाला त्याचा शब्द विचारला.

घरी जाताना ईश्वरी म्हणाली, "पप्पा, तुम्हाला भीती वाटते?"

"वाटते."

"मलाही," ती म्हणाली. आम्ही चालत राहिलो. आधी मी अशा वेळी 'काही होत नाही' म्हटले असते. तसे न म्हणता मुलीबरोबर चालत राहणे, हे मी बाईंकडून शिकलो. या ग्रंथात बाईंच्या विद्वत्तेविषयी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या यशाविषयी इतर जण माझ्यापेक्षा चांगले लिहितील. आमच्या घरापुरते बाईंनी काय केले, ते एवढेच आहे.

तापकीर काकांनी तळमजल्यावरचा एक गाळा रिकामा ठेवला आहे. भाड्याने मागणारे येऊन गेले, त्यांना काकांनी नाही म्हणून सांगितले. मुलांनी फळा वरून खाली आणला. आता बाईंना वर्गासाठी जिना चढावा लागणार नाही.

बाई, पंचाहत्तराव्या वर्षानिमित्त आपल्याला आम्हा सर्वांचा नमस्कार. आपली शस्त्रक्रिया नीट पार पडो. दम न लागता आपल्याला चालता येवो. पुढची अनेक वर्षे आपली प्रकृती चांगली राहो आणि आपण आमच्यात असावे. अशी वाक्ये गौरवग्रंथात लिहायची पद्धत असते. मी पद्धत म्हणून लिहिलेली नाहीत. मला खरोखर भीती वाटते आहे, म्हणून लिहिली आहेत.